मागचा स्टॅबिलायझर बार: पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला किती जाड, कुठला आणि कधी

प्रश्न थोडक्यात असा: २०१५ ची ऑक्टाव्हिया १.८ टीएसआय. रोज कोथरूड ते हिंजवडी, महिन्यातून एक-दोनदा ताम्हिणीमार्गे कोकण. घाटातल्या लांब वळणावर गाडीचं नाक बाहेर जातं, स्टिअरिंग आणखी वळवलं तरी गाडी ऐकत नाही. मागे जाड स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी, गाडी झुकली की पिळणारी स्टीलची दांडी) टाकायचाय, तर २२ मिमी घ्यावा की २४? आणि घरातल्या स्विफ्टलाही तोच उपाय चालेल का?

आधी उत्तर देतो, कारणं मग. ऑक्टाव्हियाला बार जरूर टाका, पण मूळ बारपेक्षा दोन, फार तर तीन मिमी जाड. टोकांना दोन किंवा तीन भोकं असलेला, भोक बदलून ताठरपणा बदलता येणारा ॲडजस्टेबल घ्या आणि सर्वांत मऊ भोकावर सुरुवात करा. २२ की २४ हा प्रश्न तुमच्या गाडीखालचा बार किती मिमीचा आहे हे मोजल्याशिवाय सुटत नाही. स्विफ्टची मागची रचनाच वेगळी आहे, त्यामुळे तिचा हिशेब वेगळा. आणि दोन्ही गाड्यांचे टायर आणि अलाइनमेंट आधी तपासून घ्या. निम्म्या गाड्यांची तक्रार तिथेच संपते, आणि बार विकणारा हे सांगणार नाही.

बार नेमकं काय करतो, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. मागचा जाड बार गाडीची एकूण पकड वाढवत नाही. वळणावर आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर सरकतं. किती सरकेल हे गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. बार जाड केल्याने हा एकूण आकडा बदलत नाही. बदलते ती वाटणी: सरकणाऱ्या वजनाचा किती हिस्सा पुढच्या जोडीने घ्यायचा आणि किती मागच्या. आता टायरचा स्वभाव असा, की त्यावरचं वजन दीडपट झालं तरी पकड दीडपट होत नाही, थोडी कमीच वाढते. समजण्यापुरते आकडे घ्या. एका जोडीतल्या दोन्ही टायरवर ३००-३०० किलो वजन असताना मिळून ६०० किलोची बाजूची पकड मिळते. तेच वजन ४५० आणि १५० असं विभागलं तर बाहेरचा टायर ४२० देईल, आतला १६०, म्हणजे एकूण ५८०. वीस किलो कुठे गेले? विषम वाटणीत गेले. ज्या जोडीत ही विषमता जास्त, ती जोडी आधी घसरते.

पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, साधारण साठ टक्के वजन पुढे. गाडी ओढायची पुढच्या टायरनी, वळवायची त्यांनीच, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावर. त्यात कंपनी मुद्दाम पुढचा रोल-ताठरपणा, म्हणजे वळणात झुकण्याला होणारा विरोध, जास्त ठेवते. नाक बाहेर गेलं तर सामान्य ड्रायव्हर आपसूक पाय काढतो आणि गाडी सावरते. शेपूट बाहेर गेली तर तोच ड्रायव्हर गोंधळतो. मागचा बार जाड केला की मागची जोडी जास्त विषमता घेते, पुढच्या जोडीवरची कमी होते. पुढचे टायर जास्त पकडतात आणि वळणातून बाहेर पडताना आतलं पुढचं चाक गरगर फिरणं कमी होतं. बदल्यात मागची पकड थोडी घटते. हा सौदा समजून केला तर फायद्याचा आहे. उलट पुढचा बार जाड करणं म्हणजे तुमची तक्रार वाढवणं. नुसता बॉडी रोल कमी दिसतो म्हणून पुष्कळ जण तेच करून बसतात.

आता मिलिमीटर. भरीव बारचा पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो. १९ चा २२ केला तर (२२ ÷ १९) चा चौथा घात, म्हणजे सुमारे १.८ पट. १९ चा २४ म्हणजे अडीच पटीच्या वर. २० चा २२ म्हणजे जेमतेम १.४६ पट. म्हणून 'फक्त दोन मिमीचा तर फरक' असं कुणी म्हटलं तर त्याने गणित केलेलं नाही असं समजा. मूळ बार व्हर्नियरने मोजा, सरळ भागात, दोन-तीन जागी. रंगाचा थर मोजमापात येतो, तेव्हा बुशजवळ (बार ज्यात बसून फिरतो तो रबरी तुकडा) जिथे रंग उडालाय तिथलं माप खरं धरा. एकाच मॉडेलमध्ये इंजिनप्रमाणे बारची जाडी बदलू शकते, त्यामुळे मित्राच्या गाडीचा आकडा घेऊन ऑर्डर देऊ नका.

पण बार १.८ पट ताठ झाला म्हणजे गाडीची मागची बाजू १.८ पट ताठ झाली असं नव्हे. मागचा रोल-विरोध स्प्रिंग आणि बार मिळून देतात. समजा मागचा एकूण विरोध १०० आहे, त्यात स्प्रिंगचे ६५ आणि बारचे ३५. पुढचा एकूण १५०. बार १.८ पट केला की ३५ चे ६३ होतात, मागची बेरीज १२८. मागचा वाटा आधी २५० पैकी १००, म्हणजे ४० टक्के होता. आता २७८ पैकी १२८, म्हणजे ४६. बॉडी रोल जेमतेम दहा टक्क्यांनी घटला. आकडे मानलेले आहेत, पण प्रमाण बघा: रोलमध्ये फरक थोडका, तोलात फरक चांगला जाणवेल इतका. सहा टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. स्टिअरिंगवर ते पहिल्याच वळणात कळतात. 'गाडी झुकते म्हणून मागचा बार' हे कारण म्हणूनच कच्चं आहे. झुकणं कमी करायचं असेल तर स्प्रिंग आणि शॉकअबचा विचार करा.

पोकळ बार दिसला की जाडीचा आकडा फसवतो. बाहेरून २५ मिमी आणि साडेतीन मिमीची भिंत असलेला बार ताठरपणात सुमारे २३ मिमीच्या भरीव बारइतका असतो, वजनाला मात्र त्याच्या निम्म्याहून थोडाच जास्त. म्हणजे २५ पोकळ आणि २४ भरीव यांत २४ भरीव जास्त ताठ. विक्रेत्याला भिंतीची जाडी विचारा. सांगता येत नसेल तर दुसरा बघा.

ॲडजस्टेबल बारमधली भोकं म्हणजे हाताची लांबी कमी-जास्त करणं. हात जितका आखूड, बार तितका ताठ, आणि हेही वर्गाने. हात २५० मिमीचा असताना लिंक (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणारी छोटी दांडी) २५ मिमी आतल्या भोकात घेतली तर ताठरपणा सुमारे २३ टक्क्यांनी वाढतो. टोकाकडचं भोक मऊ, आतलं ताठ. गॅरेजमध्ये हे नेमकं उलटं बसवून दिलेलं सर्रास सापडतं, तेव्हा स्वतः खाली वाकून बघा.

स्टीलबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. 'स्प्रिंग स्टील म्हणजे जास्त ताठ' हे खोटं आहे. लवचीक मर्यादेच्या आत साधं स्टील आणि स्प्रिंग स्टील यांचा पिळाला होणारा विरोध सारखाच, कर्तनांक दोघांचाही ८० गिगापास्कलच्या आसपास. फरक मर्यादेत आहे. साधी सळई थोडी जास्त पिळली की मूळ आकारात परतत नाही, वाकडीच राहते. स्प्रिंग स्टील परततं. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात वाट्टेल ते वाकवून देणारे कारागीर आहेत आणि ते आपल्या कामात उत्तमही आहेत. पण स्प्रिंग स्टील गरम करून वाकवल्यावर पुन्हा कडक करून टेंपर करावं लागतं, नाहीतर ते साध्या सळईसारखंच वागतं. टोकाला डोळा वेल्डिंगने लावलेला बार तर घेऊच नका. वेल्डच्या शेजारची पट्टी ठिसूळ होते आणि चीर तिथूनच सुरू होते. बार तुटला की तो रस्त्यावर टेकेल किंवा ब्रेकच्या होजपर्यंत जाईल. इथे पैसे वाचवायचे नाहीत. ऑस्ट्रेलियाची व्हाइटलाइन, जर्मनीच्या एच अँड आर आणि आयबाख, मलेशियाची अल्ट्रा रेसिंग ही या कामातली ओळखीची नावं. ऑक्टाव्हिया आणि गोल्फ फोक्सवॅगन गटाच्या एकाच एमक्यूबी प्लॅटफॉर्मवर (सामाईक सांगाड्यावर) असल्याने तुम्हाला पर्याय भरपूर आहेत. मात्र या प्लॅटफॉर्मवरच्या कमी ताकदीच्या गाड्यांना मागे टॉर्शन बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारी एकच पिळणारी तुळई) येतो आणि तुमच्या १.८ ला मल्टिलिंक (प्रत्येक चाकाला स्वतंत्र, अनेक हातांची रचना) आहे. ऑर्डर देताना वर्णनात मल्टिलिंक लिहिलंय ना हे वाचा.

स्विफ्ट. तिला मागे टॉर्शन बीम आहे. बलेनो, आय-२०, पोलो, सिटी यांनाही तोच. दोन्ही बाजूंचे हात एका आडव्या, उघड्या तोंडाच्या पन्हाळी तुळईने जोडलेले. एक चाक वर आणि दुसरं खाली गेलं की ही तुळई पिळते. म्हणजे बीम स्वतःच स्टॅबिलायझर बारचं काम करतो, मग वेगळा बार दिसो न दिसो. अशा गाड्यांसाठी मिळणारा बार बीमच्या दोन हातांना थेट बोल्टने बसतो. त्याला लिंक नसतात, बहुतेकदा बुशही नसतात. चांगला बनवलेला असेल तर तो चोख काम करतो, पण ॲडजस्टमेंट सहसा नसते आणि मूळ बीम किती ताठ आहे हे व्हर्नियरने मोजता येत नाही. म्हणून बारीकच घ्यायचा. विक्रेत्याकडे दोन जाड्या असतील तर कमी जाडीचा. हॅन्डब्रेकची केबल आणि ब्रेकच्या नळ्या बीमवरूनच जातात, त्या घासत नाहीत ना हे गाडी उचलून आणि टेकवून, दोन्ही अवस्थांत बघा. बीमच्या पोटात पट्टी किंवा पाइप वेल्ड करून तो ताठ करण्याचा 'देशी' उपाय करू नका. बीम कुठून किती पिळायचा हे ठरवून बनवलेला असतो. एका जागी ताठ केला की पिळाचा सगळा ताण पट्टीच्या कडेला गोळा होतो आणि पत्रा तिथून फाटतो.

याच ठिकाणी आणखी एक फसवणूक होते. 'रिअर लोअर बार', 'टाय बार', 'ब्रेस' अशा नावांनी मिळणाऱ्या सरळ दांड्या चॅसिसच्या दोन बिंदूंना जोडतात. त्या पिळत नाहीत, त्यांचा चाकांच्या वर-खाली होण्याशी संबंध नाही आणि त्या अंडरस्टिअरवरचा, म्हणजे नाक बाहेर जाण्यावरचा, उपाय नाहीत. मल्टिलिंक गाडीसाठी घेतलेल्या वस्तूला दोन्ही टोकांना मागे-पुढे जाणारे हात आणि मध्ये बुशमध्ये फिरणारा सरळ भाग नसेल, तर ती स्टॅबिलायझर बार नव्हे. नाना पेठेत काउंटरवर पैसे देण्यापूर्वी एवढं बघायला पाच मिनिटं लागतात.

बार मागवण्याआधीची तपासणी. टायरच्या बाजूवर डॉटच्या पुढे चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. पाच-सहा वर्षांपूर्वीचा टायर नक्षी कितीही शिल्लक असली तरी कडक झालेला असतो, त्याच्यावर बारचा निकाल कळणार नाही. हवा थंड टायरमध्ये, दाराच्या पट्टीवर लिहिल्याइतकी भरा. मग पुढच्या टायरच्या खांद्यावर खडूने आडव्या रेघा मारा, नक्षीपासून बाजूच्या भिंतीपर्यंत, आणि नेहमीच्या वळणांच्या रस्त्यावर एक फेरी करा. बाजूला टायरच्या खांद्यावर एक छोटा त्रिकोण असतो. खडू त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला तर टायर दुमडतोय, पुढे दोन पीएसआय वाढवून पुन्हा बघा. ज्या गाडीचं नाक बाहेर जातं म्हणून मालक वैतागलाय, ती एवढ्याने बऱ्याचदा निम्मी सुधारते. पुढच्या लोअर आर्मचे बुश फाटलेत का, पुढच्या लिंक रॉडमध्ये खेळ आहे का, स्ट्रट माउंट बसलेत का, हे पाहारीने हलवून बघायला सांगा. दहा वर्षं पुण्याच्या खड्ड्यांत चाललेल्या गाडीत यातलं एखादं तरी निघतंच. त्यानंतर चारही चाकांचं अलाइनमेंट. ऑक्टाव्हियाचा मागचा टो (वरून पाहता चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) ॲडजस्ट होतो, तो छापील मर्यादेत आहे ना ते कागदावर घ्या. स्विफ्टला मागे ॲडजस्टमेंट नाही, तिथे आकडा मर्यादेबाहेर आला तर बीम वाकलाय किंवा त्याचे पुढचे बुश गेलेत.

वळणाच्या कुठल्या टप्प्यात नाक बाहेर जातं हेही पाहून ठेवा. वळणात शिरतानाच जात असेल तर वेग जास्त आहे किंवा ब्रेक उशिरा सुटतोय. बार तिथे फार काही करणार नाही. वळणाच्या मध्यात, वेग स्थिर असताना जात असेल, किंवा बाहेर पडताना ॲक्सिलरेटर दाबला की आतलं चाक फिरून जात असेल, तर ते बारचं काम.

बसवण्यासाठी उत्तम जागा म्हणजे अलाइनमेंटवाल्याचा खड्डा किंवा गाडी चाकांवर उभी राहते असा चार खांबी लिफ्ट. कारण शेवटचे बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळायचे असतात. जॅकवर एकच बाजू उचलून काम केलं तर जुना बार ताणलेला असतो आणि लिंक सुटताच झटका देतो. ऑक्टाव्हियासारख्या गाडीत लिंकचे नट दोन पावसाळ्यांत गंजून धरतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नट फिरवताना लिंकचा बॉल-स्टड सोबत फिरू लागतो, त्याच्या टोकाला षटकोनी खाच असते, तिथे एलन की धरून नट फिरवायचा. इम्पॅक्ट गनने हे काम करणारा लिंकचा सांधा खराब करतो, आणि तो आठ दिवसांनी टकटक वाजू लागतो. काही गाड्यांत बार बाहेर काढायला सायलेन्सरचे रबर सोडावे लागतात किंवा सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसतं ती गाडीखालची चौकट) थोडी खाली घ्यावी लागते. सबफ्रेम हलवली असेल तर अलाइनमेंट पुन्हा करावंच लागेल.

नव्या बारसोबत येणारे पॉलियुरेथेनचे बुश कोरडे बसवू नका. पॅकमधलं ग्रीस, नाहीतर सिलिकॉन ग्रीस, बुशच्या आतल्या बाजूला आणि बारवर दोन्हीकडे. साधं पेट्रोलियम ग्रीस शेजारच्या रबरी भागांना लागलं की रबर फुगतं. ब्रॅकेटचे बोल्ट हाताने लावा, बार मधोमध आणा, आणि मग आवळा. आता एक चाचणी, जी फार कमी ठिकाणी केली जाते: दोन्ही लिंक सुट्या असताना बारचं टोक हाताने वर उचला आणि सोडा. हलक्या विरोधाने, संथपणे तो खाली यायला हवा. तिथल्या तिथे अडकून राहिला तर बुश फार घट्ट आहेत किंवा ब्रॅकेट चुकीच्या मापाचं आहे. असा अडकलेला बार रस्त्यावरच्या प्रत्येक बारीक खाचेचा धक्का आत पाठवतो, आणि मालक म्हणतो की जाड बारमुळे गाडी कडक झाली. बार बाजूला सरकू नये म्हणून लॉक-कॉलर येतात. ते बुशला चिकटून नको, मिलिमीटरभर फट ठेवून आवळा.

लिंक शेवटी. गाडी चाकांवर, शक्य तर ड्रायव्हरच्या सीटवर कुणीतरी बसलेलं. एक लिंक जोडा. दुसऱ्या बाजूचा बोल्ट भोकात बोटांनी सरकला पाहिजे. पान्याने ओढून किंवा हातोडीने ठोकून बसवावा लागत असेल तर बार आधीच पिळलेला आहे, आणि गाडी डाव्या आणि उजव्या वळणात वेगळी वागेल. ॲडजस्टेबल लिंक असेल तर लांबी जुळवा. नसेल तर सपाट जागेवर गाडी उभी आहे का, एखादी स्प्रिंग बसली आहे का, ते शोधा. टॉर्क सर्व्हिस मॅन्युअलप्रमाणे. मॅन्युअल हाताशी नसताना ८.८ प्रतीच्या बोल्टचे सर्वसाधारण आकडे एम-८ ला २५, एम-१० ला ४५ ते ५० आणि एम-१२ ला ८० ते ८५ न्यूटन-मीटर असे आहेत. फोक्सवॅगन गटाच्या गाड्यांत सस्पेन्शनचे पुष्कळ बोल्ट 'अमुक टॉर्क अधिक ९० अंश' अशा पद्धतीचे असतात. ते ताणले जाण्यासाठीच बनवलेले आहेत, एकदा उघडले की नवे घाला. नायलॉक नटही (आत नायलॉनचं कडं असलेले, आपोआप न सुटणारे) तसेच. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे पुन्हा एकदा टॉर्क रेंचने तपासा.

नंतर येणारे आवाज ओळखायला सोपे आहेत. खडबडीत रस्त्यावर कमी वेगात 'टक-टक' म्हणजे लिंकचा सांधा किंवा ढिलं ब्रॅकेट. स्पीडब्रेकरवर 'किर्रर्र', आणि पावसात तो गायब, म्हणजे बुश कोरडे पडलेत, पुन्हा ग्रीस करा. अचानक गाडी पूर्वीसारखी झुकू लागली तर लिंक तुटलेली असते. एका बाजूची तुटली तरी अख्खा बार निकामी होतो. तीनपेक्षा जास्त मिमीची उडी मारणाऱ्यांनी सबफ्रेमवर ब्रॅकेट बसतं त्या जागी वर्षातून एकदा टॉर्च मारून बघावं. बार ताठ झाला की त्याचा भार तिथल्या पत्र्यावर येतो. चिरा आधी रंगात केसासारख्या दिसतात.

पुण्यात रोज चालवताना काय जाणवेल? स्पीडब्रेकर सरळ ओलांडला तर काहीच नाही, कारण दोन्ही चाकं एकदम वर जातात आणि बार नुसता फिरतो. जाणवतं ते एका बाजूच्या खड्ड्यात. पाइपलाइनसाठी खणून अर्धवट बुजवलेला चर रस्त्याच्या डाव्या कडेने जात असेल, तर जाड बार त्या चाकाचा धक्का उजव्या बाजूलाही पोचवतो आणि मागच्या सीटवरच्यांची डोकी डावी-उजवीकडे हलतात. दोन मिमीला ते सहन होतं. पाच मिमीला घरचे बोलू लागतात. सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर तिरकं वळताना मागचं एक चाक हलकं होईल, क्वचित उचललंही जाईल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत त्याने ओढ जात नाही. घाबरायचं कारण नाही.

पावसाळा मात्र गंभीरपणे घ्या. ओल्या रस्त्यावर गाडी झुकतेच कमी, त्यामुळे बारचा परिणामही कमी होतो, पण चूक सावरायला मिळणारी जागा त्याहून कमी होते. जुलैमध्ये ताम्हिणीत रस्त्यावरून पाणी वाहत असतं, कडेला शेवाळ आणि माती. कोकणाकडे उतरताना वळणाच्या मध्यात दचकून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की वजन पुढे सरकतं, मागचे टायर हलके होतात, आणि आधीच पकड कमी केलेली मागची बाजू बाहेर येऊ शकते. मूळ गाडीत त्याच चुकीला नाक आत वळून काम भागलं असतं. म्हणून जून ते सप्टेंबर मऊ भोकावरच राहा. ईएसपी (गाडी घसरू लागली की एकेका चाकाला ब्रेक लावून सावरणारी यंत्रणा) बंद करून फिरू नका. आणि ज्या गाडीला ईएसपी नाही, जुन्या स्विफ्टसारख्या, तिला बारीकातला बारीक बार, नाहीतर नकोच.

आणि टायर बदलताना नवी जोडी मागे. पुढचे टायर लवकर झिजतात म्हणून आपल्याकडे नवे पुढे टाकून जुने मागे ढकलायची पद्धत आहे. मागे जाड बार आणि मागेच झिजलेले टायर, हे कॉम्बिनेशन पहिल्या पावसात गाडी फिरवतं. यात तडजोड नको.

ताठरपणा ठरवायला सार्वजनिक रस्ता वापरू नका. परवानगी असलेलं मोकळं, सपाट आवार मिळवा, ३० मीटर त्रिज्येचं वर्तुळ कोनांनी आखा. ४० किमी ताशी वेगाने त्यावर फिरताना ०.४ जी च्या थोडं वर बाजूचं बल येतं. साध्या टायरला ते झेपतं आणि फरकही कळतो. स्टिअरिंगच्या वरच्या मध्यावर चिकटपट्टी लावा आणि बार बसवण्याआधी किती वळवावं लागतं ते बघून ठेवा. बसवल्यावर त्याच वेगाला कमी वळवावं लागलं तर बार काम करतोय. मग वर्तुळावरच अलगद पाय काढा. नाक थोडं आत यावं, आणि तिथेच थांबावं. मागची बाजू मोकळी होतेय असं वाटलं, किंवा उलट स्टिअरिंग द्यायला हात आपोआप निघाला, तर एक भोक मऊ करा. मऊ भोकावरच तसं होत असेल तर बार तुमच्या गाडीला जाड आहे. बदलून घ्या, पुढचा बार वाढवून तोल साधत बसू नका. हीच चाचणी मागे तीन माणसं आणि डिकीत सामान घेऊनही एकदा करा, कारण कोकणात तुम्ही एकटे जात नाही.

कागदपत्रांचं म्हणाल तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातल्या, कंपनीने ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफाराला मनाई करतं. बारची जाडी आरसी बुकात नसते, पण विम्याचा सर्व्हेअर गाडीखाली बघतो. विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि पोच जपून ठेवा. वॉरंटी चालू असलेल्या गाडीत सस्पेन्शनचा दावा नाकारला जाऊ शकतो हे गृहीत धरा. जुना बार, त्याचे बुश आणि ब्रॅकेट पुसून, तेल लावून पोत्यात बांधून ठेवा. गाडी विकताना घेणारा बहुतेकदा मूळ अवस्थेतलीच मागतो, आणि तोच बार नंतर शोधायला गेलात तर वापरलेला, बुशजवळ झिजलेला मिळतो.